चार दारांची इंपाला: घेताना, सुधारताना, चालवताना

आमच्या गॅरेजची आतली खोली २० फूट. १९६५ च्या शेवरोले इंपालाची लांबी २१३ इंच, म्हणजे १७ फूट ९ इंच. मागच्या भिंतीला माझं दोन फुटांचं कामाचं टेबल. उरले तीन इंच. हे गणित मी केलं ते गाडी ट्रेलरवरून उतरल्यावर, रात्री साडेनऊला, गॅरेजचं शटर अर्ध्यावर अडल्यावर. शटरला आतून हँडल असतं आणि ते तीन इंचांहून जाड असतं, हे ज्ञान त्या रात्री झालं. टेबल दुसऱ्या दिवशी बाहेर गेलं.

तेव्हा पहिली पायरी टेपची. लांबी मोजा, रुंदीही मोजा. गाडी ८० इंचांच्या आसपास रुंद आहे आणि दारं लांबलचक. दार उघडून माणूस बाहेर पडायला दोन्ही बाजूंना किमान अडीच फूट सोडा. बाहेर उघड्यावर ठेवायचा विचार असेल तर हा लेख इथेच मिटा. मिशिगनमध्ये राहून अशी गाडी उघड्यावर ठेवणं म्हणजे पापड पावसात वाळत घालणं.

डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहणाऱ्या आमच्या मराठी मित्रमंडळींपैकी तिघांनी गेल्या वर्षभरात "आपल्यालाही घ्यायचीय, कुठून सुरुवात करू?" असं विचारलं. प्रत्येकाला तेच सांगून झालं, म्हणून एकदा लिहून टाकतो. माझं सगळं म्हणणं एका क्रमात बसतं: आधी गाडी नीट थांबली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे, मग दिव्याबत्तीचं, मग पळण्याचं. रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात आणि दोन वर्षांत चकचकीत गाडी अर्ध्या किमतीत विकून मोकळे होतात.

कोणती गाडी

अमेरिकेत 'फुल साइज' म्हणजे कंपनीची सगळ्यात मोठी घरगुती गाडी. शेवरोलेची इंपाला, फोर्डची गॅलॅक्सी, प्लिमथची फ्युरी, पाँटिअॅकची बॉनव्हिल. ब्युइकच्या इलेक्ट्रा २२५ ला तर हे नावच तिच्या इंचांतल्या लांबीवरून पडलं. यातली कुठलीही वाईट नाही. पण पहिलीच असेल तर मी शेवरोले म्हणेन, आणि तीही १९६५ किंवा १९६६ ची.

कारण सांगतो. १९५८ ते १९६४ पर्यंतच्या मोठ्या शेवरोलेंच्या खालची चेसी इंग्रजी एक्सच्या आकाराची होती. मध्यभागी निमुळती आणि दारांच्या खाली आधार नाही. १९६५ ला कंपनीने ती बदलून कडेकडेने फिरणारी चौकट आणली. चारही चाकांना कॉइल स्प्रिंग. बाजूच्या काचांनाही तेव्हाच बाक आला. त्या एका वर्षात इंपाला दहा लाखांवर विकली गेली, त्यामुळे आजही इंजिनाचे, ब्रेकचे, स्टिअरिंगचे सुटे भाग घरबसल्या मिळतात.

आजोबांच्या पिढीला शेवरोले हे नाव शिवडीमुळे माहीत होतं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली आणि १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. इंपाला जन्मली त्यानंतर, १९५८ मध्ये. आमच्याकडे लहानपणी कोणी फार ऐट केली की आजी म्हणायची, "इंपाला बाहेर उभी आहे का रे तुझी?" आता उभी आहे, पण ती बघायला आजी नाही.

दोन दारांची की चार दारांची? बाजार दोन दारांच्या मागे वेडा आहे. उघड्या टपाच्या गाडीचा भाव तर विचारूच नका. चार दारांची, तीही मध्ये खांब असलेली साधी सेदान, सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते संसारी माणसाला सगळ्यात शहाणी. सहा माणसं बसतात. आईला मागे बसवताना पुढची सीट दुमडून तिला सर्कस करायला लावावी लागत नाही. आणि खांब असल्याचा एक मोठा फायदा सीटच्या पट्ट्यांच्या भागात सांगतो. चारदारीचा तोटाही ऐकून ठेवा: नव्याने बनवलेला पत्रा मुख्यतः दोनदारीसाठी मिळतो. चारदारीचं मागचं दार, त्याची काच, त्याची रबरं भंगारातूनच शोधावी लागतात. म्हणून चारदारी घेताना इंजिन एक वेळ बंद असलं तरी चालेल, पण मागची दारं आणि मागचे पत्रे धड हवेत.

कागद आणि आकडे

अमेरिकेत गाड्यांना १७ अक्षरी नंबर आला तो १९८१ पासून. १९६५ च्या शेवरोलेला १३ अक्षरी नंबर असतो आणि तो ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर पट्टीवर ठोकलेला असतो. तो वाचायला शिका, दहा मिनिटांचं काम आहे. पहिला १ म्हणजे शेवरोले. पहिले तीन आकडे १६४ असले तर व्ही-आठ इंजिनाची इंपाला, १६३ असले तर सहा सिलेंडरची. पुढचे दोन बॉडीचे: ६९ म्हणजे चार दारांची सेदान, ३९ म्हणजे चार दारांची बिनखांबी, ३७ म्हणजे दोन दारांची, ६७ म्हणजे उघडी. मग वर्षाचा ५, कारखान्याचं अक्षर (एफ म्हणजे फ्लिंट, जे म्हणजे जेन्सव्हिल) आणि शेवटी सहा आकडी क्रमांक.

फसवणूक होते ती 'सुपर स्पोर्ट' नावाखाली, म्हणजे इंपालाच्या महागड्या आवृत्तीच्या. साध्या इंपालाला बॅज चिकटवून भाव दीडपट करतात. १९६५ ला व्ही-आठ सुपर स्पोर्टचा नंबर १६६ ने सुरू होतो. १९६६ ला मात्र १६६ कॅप्रीस या दुसऱ्या मॉडेलला गेला आणि सुपर स्पोर्ट झाली १६८. विकणारा कितीही छातीठोक बोलू दे, खांबावर १६४ असेल तर ती साधी इंपाला. साधी असण्यात काही वाईट नाही, फक्त किंमत साधी हवी.

खांबावरचा नंबर आणि टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. पट्टीचे रिबिट नवे वाटले किंवा आजूबाजूला रंगाचे थर उकरलेले दिसले तर चहाही न घेता परत फिरा.

गंज शोधण्याचा अर्धा दिवस

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. इंजिन मरणासन्न असलं तरी नवं मिळतं. चेसी गेली की सगळं गेलं.

डेट्रॉइट शहराच्या पोटात हजारएक फूट खोल मिठाची खाण आहे. तिथलं मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पडतं. ज्या शहराने गाड्या बनवल्या त्याच शहराच्या पोटातलं मीठ त्या गाड्या खातं, असा हा न्याय. त्यामुळे इथली स्थानिक गाडी बघताना शंकेखोर सासूसारखं बघा. शक्य असेल तर अॅरिझोना, न्यू मेक्सिको, पूर्व वॉशिंग्टन अशा कोरड्या भागातली गाडी घ्या. तिथे सीट आणि डॅशबोर्ड उन्हाने फाटलेले असतील, पण ते शिवता येतात.

सोबत न्यायच्या गोष्टी: चांगली बॅटरी (टॉर्च), फ्रिजवरचं मऊ चुंबक, जुना स्क्रू ड्रायव्हर, योगाची जुनी चटई, दोन लिटर पाणी.

चुंबक रुमालात गुंडाळा आणि मागच्या चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा भाग यांवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुटी) भरलेली आहे. थोडी असणारच. साठ वर्षांच्या बाईच्या दातांत थोडं सिमेंट असतंच. पण तळहाताएवढ्या जागेत चुंबक घसरलं की सावध.

मग चटई टाकून खाली झोपा. मागच्या ॲक्सलवरून चेसी कमान घेऊन वर चढते, तिथे चिखल साठतो आणि आतून कुजते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटण आवाज हवा. भद्द आवाज आला की टोक लावून बघा. मी आधी पाहिलेल्या एका गाडीत टोक सरळ आत गेलं आणि वर बसलेल्या मालकाला खाली काय झालं ते कळलंही नाही. विक्रेता म्हणाला होता, "खालून नुकतीच काळी करून घेतलीय." ताजा काळा रंग हा मला नेहमी गंजापेक्षा जास्त घाबरवतो.

पाणी कशाला? वायपरच्या खाली जी जाळी असते तिच्यात बाटली ओता आणि लगेच आत बसून पाय ठेवायची जागा चाचपा. ओली झाली तर काचेखालचा कप्पा कुजलेला आहे. ते काम करायचं तर अर्धी गाडी सुटी करावी लागते. डिक्कीचा गालिचा उचलून मागच्या काचेच्या खालचे कोपरेही बघा. टपावर रेक्झीन चढवलेलं असेल तर त्याच्या कडा दाबून बघा, खाली कुरकुरीत आवाज आला तर पत्र्याचा भुगा झालेला आहे.

शेवटची परीक्षा मला एका म्हाताऱ्या मेकॅनिकने शिकवली. पुढच्या एका बाजूला चेसीखाली जॅक लावून चाक जमिनीवरून उचलायचं आणि त्याच बाजूचं दार उघडून-मिटून बघायचं. सहज मिटलं तर सांगाडा आणि बॉडीमधली रबरं जिवंत आहेत. दार अडलं तर तुम्हीही तिथेच अडा.

मग चालवून बघायचं. इंजिन थंड असताना पोचा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर का, ते विचारा. सुरू होताना क्षणभर निळा धूर चालतो, चालू गाडीत सतत निळा धूर चालत नाही. या गाडीत बहुधा पॉवरग्लाइड नावाचा दोनच गिअरचा ऑटोमॅटिक असतो. एकदाच बदलतो, तो झटका न देता बदलला पाहिजे. १५ मिनिटं चालवून तापमान बघा, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून गाडी कुठल्या बाजूला ओढते ते बघा.

विमा आणि पाटी

नेहमीचा गाडीचा विमा या गाडीला बाजारभाव लावतो आणि साठ वर्षांच्या गाडीचा बाजारभाव त्यांच्या हिशेबात भंगाराचा. संग्राह्य गाड्यांचा वेगळा विमा मिळतो. त्यात किंमत आधीच दोघांनी मान्य केलेली असते. घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी आणि कुलुपाचं गॅरेज, या दोन अटी सहसा असतात. तो साध्या विम्यापेक्षा स्वस्तच पडतो.

मिशिगनमध्ये २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबर पाटी मिळते. ती लावली की मिरवणुका, प्रदर्शनं, मेळावे एवढ्यालाच गाडी काढायची मुभा, पण ऑगस्ट महिना पूर्ण मोकळा, कशालाही काढा. मी पहिल्या वर्षी तीच घेतली आणि मे महिन्यात भाजी आणायला जाताना उगाच चोरासारखं वाटायला लागलं. आता साधी पाटी आहे.

ब्रेक: पहिला खर्च इथेच

१९६५ च्या इंपालाला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून एकच मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा), त्याला एकच कप्पा. याचा अर्थ नीट समजून घ्या. एका चाकाचा नळ फुटला तर चारही चाकांचे ब्रेक त्याच क्षणी गेले. पेडल जमिनीला टेकतं आणि पावणेदोन टन लोखंड पुढे जात राहतं. दोन कप्प्यांचा मास्टर सिलेंडर अमेरिकी गाड्यांना सरसकट आला तो १९६७ ला. तेव्हा १९६७ च्या आधीची कुठलीही गाडी घेतली तर दुसरं काहीही करण्याआधी दोन कप्प्यांचा सिलेंडर बसवा. गाणी नंतर ऐकता येतील.

सोबत सगळे लोखंडी नळ बदला. तांबं-निकेलचा नळ हाताने वळतो आणि गंजत नाही. टोकं मात्र दुहेरी दुमडीचीच करायची. जमत नसेल तर करून आणा, यात काटकसर नको. चाकांकडे जाणारे रबरी होस वरून धडधाकट दिसतात आणि आतून सुजलेले असतात. पाय दाबला की ब्रेक ऑइल जातं, पाय काढला तरी परत येत नाही, आणि ते चाक धरलेलंच राहतं. गाडी एका बाजूला ओढते, माणूस लायनर बदलत बसतो, आणि खरा चोर वीस डॉलरचा होस असतो.

ड्रम उघडताना चार गोष्टी. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क घाला. एका वेळी एकच बाजू सुटी करा, म्हणजे स्प्रिंग कुठली कुठे ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. छोट्या लायनरचा शू पुढच्या दिशेला, मोठ्याचा मागच्या. आणि आपोआप घट्ट होणारी दातेरी चकती डावी-उजवी वेगळी असते, अदलाबदल झाली तर ती घट्ट व्हायच्या ऐवजी सैल होत जाते. गाडी उचलली की खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नका.

पुढे डिस्क बसवायची का? मी बसवली, आणि पावसात पहिल्यांदा जोरात ब्रेक दाबल्यावर पैसे वसूल झाले. तयार संच मिळतात. घेण्याआधी तुमच्या १४ इंची रिममध्ये तो बसतो का ते विचारा, काहींना १५ इंची लागते. डिस्क आणि ड्रम एकत्र असले की मागच्या चाकांचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर जोराच्या ब्रेकला मागची चाकं आधी जाम होऊन गाडी गिरकी घेते.

माझी चूक इथेच झाली. व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) बसवला, ब्रेकच्या नळांतली हवा काढली (आधी मागचं उजवं, मग मागचं डावं, मग पुढचं उजवं, शेवटी पुढचं डावं), गल्लीत फिरवली, झकास. मोठ्या रस्त्यावर चार मैलांवर जळका वास यायला लागला. पुढची दोन्ही चाकं धरून बसलेली. बूस्टरमधून सिलेंडरला ढकलणारी दांडी एक केसभर लांब राहिली होती. थंड असताना चालतं, गरम झाल्यावर ऑइल फुगतं आणि परत जायला वाट उरत नाही. रस्त्याच्या कडेला अर्धा तास थांबलो आणि सिलेंडरचे दोन नट थोडे सैल करून, वीस मैलांच्या वेगाने घरी आलो. घरी दांडी मोजून छोटी केली. तुम्ही आधीच मोजा.

थंडावा, दिवे, पट्टे

इंजिन बहुधा २८३ घनइंचाचं, म्हणजे ४.६ लिटर, १९५ अश्वशक्तीचं असेल. कागदावरचा हा आकडा जुन्या पद्धतीचा, उघड्या इंजिनाचा. १९७२ पासून कंपन्या खरा आकडा छापू लागल्या. तापण्याचं कारण बहुतेक वेळा रेडिएटर आतून बुजणं हेच असतं. तो काढून दुरुस्तीला द्या, थर्मोस्टॅट १८० फॅरनहाइटचा नवा टाका, पंख्याभोवतीचं आवरण गायब असेल तर आधी ते मिळवा. आवरणाशिवाय पंखा जागच्या जागी तीच गरम हवा घुसळत राहतो.

विजेचं म्हणाल तर दहातल्या सात तक्रारी अर्थिंगच्या. बॅटरीपासून इंजिन, इंजिनपासून बॉडी, बॉडीपासून चेसी, या तीन तारा नव्या टाका आणि टेकतात ती जागा घासून पांढरी करा. पुढच्या चार दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या एका म्हाताऱ्या स्विचमधून जातो, तेव्हा दोन रिले बसवून त्याचं ओझं कमी करा. दिवे लख्ख होतात. मागच्या काचेत आतून एक जादा ब्रेकचा दिवा लावा. तिसरा दिवा १९८६ पर्यंत सक्तीचा नव्हता आणि मागून फोनमध्ये डोकं घालून येणाऱ्याला तोच दिसतो.

आता खांबाचा फायदा. मूळ गाडीला पुढे फक्त कमरेचे पट्टे. खांद्यावरचा पट्टा वर कुठेतरी अडकवायला लागतो, आणि चारदारी सेदानला मध्ये खांब असतो. बिनखांबी सुंदरीला तो नसतो, तिथे जुगाड करावा लागतो. मी पुढे तीन टोकांचे पट्टे लावले, आत पोलादी चकती वेल्ड करून. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारू नका, धडकेत तो पत्र्यासकट निघून येतो.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. माझ्या गाडीबरोबर आलेले 'जवळजवळ नवे' टायर १८ वर्षांचे निघाले. २१५/७५ आर १४ हे माप या गाडीला छान बसतं.

पेटवणं आणि इंधन

पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे डिस्ट्रिब्यूटरमधले संपर्क) राहू द्यावेत की इलेक्ट्रॉनिक करावं, यावर लोक मारामारीला येतात. पॉइंट शिकण्यासारखे आहेत: फट ०.०१९ इंच, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन) ३० अंश, टायमिंग ४ अंश आधी, आणि सिलेंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, हा पाढ्यासारखा पाठ करा. पण एकदा शिकून झालं की डिस्ट्रिब्यूटरमध्ये मावणारं छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाकून मोकळे व्हा. सत्तरच्या दशकातला मोठ्या टोपीचा एचईआय (जनरल मोटर्सचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्यूटर) बसवणार असाल तर एक लक्षात ठेवा: मूळ गाडीत कॉइलकडे जाणारी तार मुद्दाम रोध असलेली आहे, ती पूर्ण १२ व्होल्ट देत नाही. एचईआयला नवी जाड तार फ्यूज बॉक्सपासून आणावी लागते. हे न केल्यामुळे 'इलेक्ट्रॉनिक काही खरं नाही' म्हणणारे खूप भेटतात.

आजच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि ते जुनं रबर खातं. इंधनाचा प्रत्येक रबरी तुकडा बदला, ३०आर७ किंवा ३०आर९ छापलेला घ्या. बिनशिशाच्या पेट्रोलने व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात हे खरं, पण महिन्याला शंभर मैल चालवणाऱ्याने त्यासाठी इंजिन उघडू नये. हेड काढायची वेळ आलीच तर तेव्हा कडक बैठका टाका. इंजिन ऑइल मात्र जुन्या कॅमशाफ्टसाठी जस्त जास्त असलेलं घ्या, हल्लीच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. फिल्टर धरून पाच क्वार्ट.

कार्बोरेटर काढून इंजेक्शन लावण्याची फॅशन आहे. ते चांगलं चालतं, पण टाकीत जास्त दाबाचा पंप आणि परतीचा नळ आला. नीट जुळवलेला दोन तोंडी रॉचेस्टर मला पुरतो.

गिअर, आणि मग रंग

ताशी ६५ मैलांना, मागच्या ॲक्सलचा गिअर ३.३६ चा असेल तर, इंजिन सुमारे २,७०० फेरे घेतं. गावात फिरणार असाल तर पॉवरग्लाइड तसाच ठेवा, तो मरत नाही. शिकागो-ग्रँड रॅपिड्स असं हायवेने जाणार असाल तर ओव्हरड्राइव्हचा २००-४आर किंवा ७००आर४ गिअरबॉक्स बसवा. २००-४आर चा वरचा गिअर ०.६७ आहे, म्हणजे तेच फेरे १,८०० वर येतात आणि आत बसून बोलता येतं. दोन्हींना कार्बोरेटरपासून येणारी एक केबल असते. ती चुकीची लावली तर गिअरबॉक्स काही मैलांत जळतो. ही केबल लावायचं काम ज्याने आधी केलंय त्याच्याच हातून करून घ्या.

रंगाबद्दल मी फार बोलणार नाही. माझ्या गाडीचा मूळ रंग छतावर विटलेला आहे, डाव्या दारावर ओरखडा आहे. नवा रंग चढवला असता तर मी ती पावसाच्या ढगालाही घाबरून बाहेर काढली नसती.

बघणं आणि मिरवणं

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते. १९९५ मध्ये डेट्रॉइटजवळच्या फर्नडेलमध्ये फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे उभे करायला सुरू झालेली, आज फर्नडेलपासून पाँटिअॅकपर्यंत वुडवर्ड अव्हेन्यू जुन्या गाड्यांनी भरून जातो. याच रस्त्याचा एक मैल १९०९ मध्ये काँक्रीटचा झाला, देशातला पहिला. गाडी घ्यायच्या आधी एक वर्ष नुसती घडीची खुर्ची घेऊन कडेला बसा. कुठली गाडी आवाजाने आवडते, कुठली दिसण्याने, आणि कुठली कडेला बॉनेट उघडून उभी आहे, तिन्ही कळतं. चालवणाऱ्यांसाठी तो दिवस रेडिएटरची परीक्षा. मैलभर जायला अर्धा तास लागतो.

उभ्या गाडीकडे बघायची माझी पद्धत: मागून सुरुवात करा. १९५८ पासून काही मोजकी वर्षं सोडली तर इंपालाची ओळख सहा गोल लाल दिवे ही होती, आणि १९६५ हे त्या दिव्यांचं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ते आडवे झाले. मग कडेने चालत मागच्या चाकावरचा फुगवटा बघा, तो पुढे कसा विरत जातो ते खाली बसून बघा. जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख बिल मिचेल, त्याच्या हाताखालच्या स्टुडिओची ती कामगिरी. याच्या आधीच्या प्रमुखाच्या, हार्ली अर्लच्या काळात गाड्यांना मागे पंख होते, क्रोम होतं. मिचेलने नुसत्या पत्र्याच्या वळणावर भिस्त ठेवली. हात मात्र लावू नका, विचारल्याशिवाय तर नाहीच. आपल्या लोकांची जीन्सची बटणं आणि मुलांच्या हातातली खेळणी, दोन्ही रंगाची वैरी. विचारलंत तर बहुतेक मालक स्वतःहून दार उघडून देतात.

हिवाळा

दसऱ्याला पूजा, चाकाखाली लिंबू, आणि ऑक्टोबर संपता संपता गाडी आत. टाकी पूर्ण भरून त्यात स्टॅबिलायझर घाला आणि दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. ऑइल साठवणीच्या आधी बदला, वसंतात नव्हे. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल सहा महिने बेअरिंगवर बसून राहतं. कूलंट निम्मं पाणी, निम्मं अँटिफ्रीझ आहे ना ते तपासा. टायरमध्ये थोडी जास्त हवा, बॅटरीला छोटा चार्जर. "दर आठवड्याला पाच मिनिटं सुरू करतो" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं एवढंच होतं. वसंतात बर्फ वितळला तरी लगेच काढायची नाही. दोन चांगले पाऊस पडून रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं पाहिजे.

उंदीर हा शेवटचा शत्रू. एअर क्लीनरच्या तोंडात आणि सायलेन्सरच्या नळीत भांडी घासायच्या तारेचा बोळा घट्ट बसवा. आणि लगेच, हात धुवायच्याही आधी, स्टिअरिंगला लाल चिंधी बांधा आणि त्यावर लिहा, किती बोळे आणि कुठे. एका एप्रिलमध्ये मी चिंधी बांधली नव्हती. गाडी तिसऱ्यांदा सुरू होऊन बंद पडली तेव्हा मी कार्बोरेटर अर्धा सुटा केला होता, आणि मुलगी मागे उभी राहून विचारत होती, "बाबा, या पाइपमध्ये घासणी का आहे?"